मदत हवी आहे : पाचवी ते दहावी, अख्ख्या शाळेचा अभ्यासक्रम आराखडा करायचाय. ध्येयं भिंतीवर राहतात आणि पेपर भलतंच विचारतो

माळरान

नमस्कार. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका अनुदानित शाळेत मी विज्ञान शिकवते. पाचवी ते दहावी, २१२ मुलं, मला धरून आठ शिक्षक. जूनपासून प्रभारी मुख्याध्यापिकेचं काम माझ्याकडे आलंय. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत शाळेचा स्वतःचा आराखडा द्या, असं संस्थेनं सांगितलंय. शाळेची ध्येयं कोणती, त्यासाठी कोणत्या इयत्तेत मुलं काय शिकणार, आणि ते जमलं की नाही हे आपण कशावरून ठरवणार, असं सगळं त्यात हवं. पुस्तकं बालभारतीचीच राहणार, त्याला हात लावायचा नाही.

हेच काम आम्ही दोन वर्षांपूर्वी एकदा केलं आणि ते फसलं, म्हणून इथं विचारतेय. मे महिन्यात तीन दिवस बसलो. चार्ट पेपरवर ४३ उद्दिष्टं लिहिली. वैज्ञानिक दृष्टिकोन, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशील नागरिक, सगळं आलं त्यात. मग ज्यानं त्यानं आपलं वार्षिक नियोजन काढलं आणि प्रत्येक पाठापुढं उद्दिष्टाचा क्रमांक टाकला. इतिहासाच्या सरांनी सगळ्या पाठांपुढं १७ टाकला, मी विज्ञानाच्या सगळ्या पाठांपुढं ४. फाइल कपाटात गेली. शिक्षकांनी अंग चोरलं असं अजिबात नाही, आमचे लोक जीव ओतून शिकवतात. पण त्या फाइलमुळं वर्गात एक तासही वेगळा झाला नाही.

असं का झालं हे मला गेल्या वर्षी सहावीचे पेपर तपासताना कळलं. प्रश्न होता, 'पाणी बचतीचे तीन उपाय लिहा.' ३४ पैकी ३१ मुलांनी पहिला उपाय लिहिला होता 'नळ नीट बंद करावा'. आमच्या गावात बहुतेक घरांत नळ नाही, आणि जिथं आहे तिथं त्याला पाणी नाही. एका मुलीनं लिहिलं होतं, 'शॉवरऐवजी बादलीने अंघोळ करावी.' ही मुलगी शाळेत यायच्या आधी विहिरीवरून दोन खेपा पाणी आणते. घागर चुंबळीवर कशी ठेवली की हिंदकळत नाही, ताटं राखेनं घासून किती पाण्यात निघतात, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यातलं एक अक्षर तिनं पेपरात लिहिलं नाही. ते लिहायचं असतं हे आम्ही तिला कधी सांगितलंच नव्हतं. तीनपैकी तीन गुण मिळाले तिला. ते मीच दिले.

तेव्हापासून डोक्यात एकच आहे. आम्ही काय तपासतो ते बदललं नाही तर ध्येयं कितीही लिहिली तरी काही होणार नाही. पण सुरुवात कुठून करू? ध्येयं किती ठेवायची? आकारिकच्या (वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाच्या) नोंदींनी आधीच सगळे वैतागलेत, त्यात आणखी एक रजिस्टर मी कुणाच्या गळ्यात मारू शकत नाही. आणि आमची साठेक मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, ती गुढीपाडव्याच्या आसपास परततात. त्यांच्यासाठी हा आराखडा कसा लिहायचा, हे तर मला मुळीच सुचत नाहीये.

कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

कोरेगावकर

ताई, मी ३६ वर्षं नोकरी केली, त्यातली ११ मुख्याध्यापक म्हणून, सगळी माण-खटावात. तुमचं पोस्ट दोनदा वाचलं.

पहिली गोष्ट, ४३ ची तीन करा. चारसुद्धा नकोत. दुसरी गोष्ट, तुमची सगळी उद्दिष्टं नामं आहेत, त्यांची क्रियापदं करा. 'वैज्ञानिक दृष्टिकोन' वर्गात दिसत नाही. 'मोजल्याशिवाय आकडा सांगत नाही' हे दिसतं. पाचवीतलं पोर ते कसं करेल आणि दहावीतलं कसं करेल, हे मग कुठलाही शिक्षक सांगू शकतो.

आम्ही सभेत एकच प्रश्न ठेवला होता. आपल्याकडून गेलेला मुलगा दहा वर्षांनी बाजारात भेटला, तर त्याला काय करताना बघून तुम्हाला बरं वाटेल? शिपायांनाही विचारलं. पहिला अर्धा तास कुणी बोलेना, नंतर थांबेनात. त्यातून तीन वाक्यं निघाली. मग भिंतीवर एक लांब कागद लावला. आडव्या तीन ओळी, उभे रकाने इयत्तांचे. विषयाचं नाव त्या कागदावर लिहायचंच नाही, असं ठरवलं. विषय आला की प्रत्येकजण आपापल्या कुंपणात जातो आणि तुमच्यासारखे १७ आणि ४ नंबर पडतात.

आपल्या भागातलं एक उदाहरण देतो, कारण मला ते नेहमी उपयोगी पडलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्यात रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचं 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं. जातिभेद मोडायचा हे ध्येय. एकत्र राहणं, एकत्र जेवणं हे शिक्षण. आता सांगा, मूल्यमापनाला वेगळा तक्ता लागतो का? पंगतीत कोण कुणाशेजारी बसलंय हे बघितलं की झालं. ध्येय, शिकणं आणि तपासणं एकाच जागी होतं. तुमच्या प्रत्येक ओळीसाठी अशी एक 'पंगत' शोधा. ती सापडत नसेल तर ते ध्येय तूर्त बाजूला ठेवा.

तिठा

मी मिरजेत बी.एड.च्या विद्यार्थ्यांना शिकवते. सरांचं म्हणणं पटलं. थोडी भर घालते.

तुम्ही ज्या अडचणीत आहात तिचा विचार फार पूर्वी झालाय. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये चार प्रश्न मांडले. शाळेला काय साधायचंय, त्यासाठी मुलांना कोणते अनुभव द्यायचे, ते कोणत्या क्रमानं लावायचे, आणि साधलं हे कसं ओळखायचं. आम्ही हे परीक्षेपुरतं पाठ करून घेतो, याचं मला वाईट वाटतं, कारण टायलर यांचा हा विचार प्रत्यक्ष शाळांमधल्या कामातून आला होता. अमेरिकेत १९३० च्या दशकात तीसेक माध्यमिक शाळांना स्वतःचा अभ्यासक्रम करायची मोकळीक दिली गेली. महाविद्यालयांनी त्या मुलांसाठी प्रवेशाच्या नेहमीच्या अटी बाजूला ठेवल्या. टायलर मूल्यमापनाचं काम बघत होते. शिक्षक 'विचार करायला शिकवतो' म्हणाले की ते विचारायचे, मूल विचार करतंय हे तुम्हाला कशात दिसतं? तिथून नवी साधनं तयार झाली. पुढं या शाळांतली मुलं आणि नेहमीच्या शाळांतली तशीच मुलं अशा १,४७५ जोड्या लावून महाविद्यालयातली कामगिरी पाहिली गेली. नव्या पद्धतीची मुलं मागं पडली नव्हती, काही बाबतींत थोडी पुढंच होती.

अर्थात आपल्याला दहावीची अट कुणी माफ करणार नाही, त्यामुळं ते जसंच्या तसं इथं आणता येत नाही. पण तुमच्या हातात वाटतं त्यापेक्षा जास्त आहे. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यात पाचवी-सहावीला आकारिक ५० टक्के आणि सातवी-आठवीला ४० टक्के भार आहे. निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय ही साधनं त्यात आहेतच. म्हणजे सहावीचे निम्मे गुण तुमच्याच वर्गात ठरतात. आपण ते वर्षाच्या शेवटी एका बैठकीत भरून टाकतो, खरी गळती तिथं आहे. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे, म्हणून सुरुवात सहावी आणि सातवीत करा. नोंदींसाठी नवं रजिस्टर नको, 'दैनंदिन निरीक्षण' आणि 'उपक्रम' हे रकाने खरे भरा. रोज तीनच मुलं बघायची, त्यांनी केलेलं किंवा विचारलेलं एकच वाक्य लिहायचं. ३४ मुलांचा वर्ग बारा दिवसांत होतो.

पायवाट

मुलगी नववीत आहे, म्हणून पालक म्हणून विचारतो. हे सगळं चांगलं आहे, पण दहावीचा निकाल घसरला तर गावातले लोक शाळा बदलतील. त्याचा विचार केलाय का?

खेप

ताई, मी वाळवा तालुक्यात साखर कारखान्याजवळच्या शाळेत आहे. तुमची जी मुलं दिवाळीनंतर जातात, ती आमच्याकडे येतात. अगदी तुमच्याच शाळेची नसतील, पण जतची दरवर्षी असतातच.

आमच्याकडे काय होतं ते सांगतो. मूल येतं तेव्हा हातात फार तर शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळा देते ते) असतं. त्यावरून ते कितवीत आहे ते कळतं, त्याला काय येतं ते कळत नाही. मग ते मागं बसतं. मार्चमध्ये फड संपला की एका सकाळी खोप्या रिकाम्या दिसतात आणि बाक मोकळा होतो. हे लिहिताना त्रास होतो, पण असंच चाललंय.

गेल्या हंगामात सातवीतल्या एका मुलाच्या दप्तरात चाळीस पानी वही सापडली. तारीख, खेपेचा नंबर, वजन. वडिलांच्या प्रत्येक खेपेचं वजन त्यानं काट्याच्या पावतीवरून उतरवलं होतं, टनात, तीन दशांश स्थळांपर्यंत, आणि आठवड्याची बेरीज मारली होती. दशांश अपूर्णांकांच्या चाचणीत त्याला मी २० पैकी ६ दिले होते, कारण उभी मांडणी त्याला ठाऊक नव्हती. त्या वहीतल्या बेरजा मी सगळ्या तपासल्या. एकच चुकलेली होती.

म्हणून माझी विनंती आहे. तुमच्या आराखड्यात जूनपासून दिवाळीपर्यंतचा भाग असा लावा की तीन ध्येयांपैकी प्रत्येकाचं एक तरी काम तेवढ्यात पुरं होईल. आणि जाणाऱ्या मुलाबरोबर एक पान द्या, 'हे मूल हे हे करू शकतं' एवढंच लिहिलेलं. खाली शाळेचा फोन नंबर. परत येताना आम्ही त्याच पानाच्या मागच्या बाजूला लिहून देऊ. आणि एक जपा. अशा वहीवर वर्गात चर्चा करताना उचलीचा (तोडीसाठी आगाऊ घेतलेल्या पैशांचा) आकडा येऊ देऊ नका. घरावर किती कर्ज आहे हे चारचौघांत कळलं तर मूल पुन्हा वही काढणार नाही.

माळरान

दीड महिन्यानं लिहितेय, उशिराबद्दल माफ करा. सगळ्यांचं लिहिलेलं छापून काढलं आणि सभेत मोठ्यानं वाचलं.

कोरेगावकर सर, तीन वाक्यं निघाली. 'मोजून, बघून मग बोलतो' हे तुमच्यावरूनच घेतलं. 'समजलं नाही तर विचारतो' हे दुसरं. तिसरं आमच्या शिपाईमामांनी दिलं, 'हातातलं काम पुरं करूनच ठेवतो.' भिंतीवर कागद लागलाय. सातवी आणि नववीचे रकाने अजून बरेच रिकामे आहेत.

तिठा मॅडम, सहावीपासून सुरू केलं. पाण्याचाच विषय घेतला. प्रत्येकानं आठ दिवस घरात किती घागरी पाणी येतं ते लिहायचं. घागरी सारख्या नव्हत्या, म्हणून मुलांनी शाळेतल्या एक लिटरच्या मापानं आधी आपापली घागर मोजली. कुणाची ११ लिटरची निघाली, कुणाची १४ ची. मग माणशी सरासरी काढली. जल जीवन मिशनमध्ये (केंद्र सरकारच्या घरोघरी नळाच्या योजनेत) माणशी रोज ५५ लिटर धरलेत, हे मी फळ्यावर लिहिलं. वर्गात जरा शांतता झाली, कारण ५५ च्या जवळ एकही घर नव्हतं. आणि मागच्या बाकावरून ती शॉवरवाली मुलगी (ती आता सातवीत आहे, पण मुद्दाम तिला या तासांना बोलावलं होतं) म्हणाली, "बाई, ५५ मध्ये म्हशीचं धरलंय का?"

नव्हतं धरलेलं. मग दोन तास म्हशीवर गेले. ती किती पिते, उन्हाळ्यात किती, दूध आटतं ते कधी. भूगोलाचे सर येऊन बसले, कारण पशुधनाचा धडा त्यांच्याकडे होता. मी निरीक्षणाच्या रकान्यात तो प्रश्न तिच्याच शब्दांत उतरवला. इतक्या वर्षांत त्या रकान्यात 'सहभाग चांगला' याशिवाय मी काही लिहिलं नव्हतं.

पायवाट, तुमची काळजी आमच्या पालकसभेतही आली. नववी-दहावीचा बोर्डाचा अभ्यास आणि सराव पेपर जसेच्या तसे ठेवलेत, तिथं या वर्षी फक्त प्रयोगवही बदलतोय. निकालाची हमी मी देऊ शकत नाही. पण तुमच्यासारखाच प्रश्न विचारणाऱ्या दोघा पालकांना सहावीच्या वह्या दाखवल्या, तेव्हा त्यांनी त्या घरी न्यायला मागितल्या.

खेप सर, पान तयार आहे. तुमच्या शाळेचा पत्ता मला व्यक्तिगत निरोपात द्या. दिवाळीआधी ५८ पानं लिहून होतील.

एक गोष्ट मात्र अडलीये. सहावीतल्या नऊ मुलांच्या घरी कन्नड बोलतात. घागरींच्या तक्त्यात त्यांचं काम उत्तम आहे, पण 'विचारतो' या ओळीखाली त्यांच्या नावापुढं दीड महिन्यात एकही वाक्य नाही. मधल्या सुट्टीत आपापसांत ती भरपूर विचारतात, मला ऐकू येतं, कळत नाही. त्यांचे प्रश्न कन्नडमध्ये लिहून घ्यायचे का? आणि घेतले तर ते वाचणार कोण? सीमाभागातल्या कुणी हे केलं असेल तर लिहा.