मेळघाटातील शिक्षकाने उपयोजित भाषाविज्ञानात पीएचडी कशी करावी?

प्रश्न:
मी मराठीत एम.ए. केले असून मेळघाटातील शाळेत शिकवतो. घरी कोरकू बोलणारी मुले मराठी कशी आत्मसात करतात, यावर संशोधन करण्याची इच्छा आहे. भाषाविज्ञानाची पदवी नसताना सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद १:
जून २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण पीएचडी प्रवेशासाठीही धरले जातात. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) नसलेल्यांसाठी परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो, व हे गुण एकच वर्ष ग्राह्य राहतात. मराठीची पदवी चालेल का, हे मात्र प्रत्येक विद्यापीठाच्या जाहिरातीत पाहावे लागेल. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि हैदराबाद विद्यापीठातील उपयोजित भाषाविज्ञान व अनुवाद अभ्यास केंद्र यांची माहिती अवश्य काढावी.

प्रतिसाद २:
विषय उत्तम आहे, पण फार पसरट आहे. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असून तिच्यात सजीव-निर्जीव असा भेद आणि द्विवचन आहे, तर मराठीत द्विवचन नाही आणि लिंगे तीन आहेत. त्यामुळे लिंगानुसार विशेषणे व क्रियापदे बदलताना मुले नेमकी कोठे अडखळतात, एवढाच प्रश्न घेतला तरी प्रबंधाला पुरेल. आराखड्यापूर्वी मुलांच्या बोलण्याचे थोडे ध्वनिमुद्रण, अर्थातच पालकांच्या संमतीने, करून ते शब्दशः लिहून पाहावे. मार्गदर्शक निवडतानाही क्षेत्रकार्याचा अनुभव पाहावा, केवळ नाव नव्हे.

प्रतिसाद ३:
नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी करता येते, मात्र नोकरी असलेल्या संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते.