कोरड्या कुरणात दोष मेंढीचा की चारणाऱ्याचा?

माळकरी: कोरडी कुरणे पाच वर्षे मेंढ्यांना बंद केली की आपोआप सावरतील, असे तृणपाल यांनी लिहिले आहे. मेंढी गायीपेक्षा जमिनीलगत गवत खुडते हे मान्य; पण बारमाही गवताचा ठोंब एकदा खुडल्याने मरत नाही, नवा फुटवा येतो न येतो तोच पुन्हा खुडला गेला की मुळे आखडतात आणि मग मरतो. म्हणून कळप एका जागी किती दिवस ठेवला, हे आधी विचारा.

तृणपाल: म्हणजे पुन्हा ते झिम्बाब्वेचे चराईतज्ज्ञ ॲलन सेव्हरी! २०१३ च्या टेड व्याख्यानात त्यांनी दाट कळप फिरवून वाळवंटीकरण उलटवण्याची भाषा केली आणि जो तो कुरणाचे तुकडे पाडायला कुंपणे घालत सुटला. चराईच्या बहुतेक तुलनात्मक प्रयोगांत फिरत्या पद्धतीने सततच्या चराईपेक्षा जास्त गवत दिलेले नाही. खरा प्रश्न संख्येचा आहे.

माळकरी: प्रयोगातले कळप ठरल्या तारखेला हलतात आणि पाऊस तारखा पाळत नाही.

पाणक्या: कुंपणावर भांडणाऱ्यांना पाणवठा कधी दिसणार? आमचे कुरण कागदावर चार भागांत विभागलेले होते, पण टाकी एकच असल्याने तिच्याभोवतीची जमीन उघडी पडली आणि दूरचे गवत उभ्याने वाळले. दुसरी टाकी बांधल्यावरच कळप पांगला.

तृणपाल: आणि दुष्काळासाठी राखलेले तेच दूरचे गवत पहिल्याच वर्षी संपवले, याचा अभिमानही वाटतो! पाणी नाही म्हणून जे वाचले होते, तेही आपण मेंढ्यांच्या तोंडी दिले.

पाणक्या: टाकीचा नळ बंद करता येतो, महाशय. पावसाळ्यात आम्ही तो बंदच ठेवतो. न पाहता शिकवू नका.

मेंढरवाली: संख्या कमी करा म्हणणे सोपे आहे, पण चांगल्या माद्या विकल्या की कळप पुन्हा उभा राहायला वर्षे जातात. पाऊस लांबला तेव्हा मी जादा नर, म्हाताऱ्या मेंढ्या आणि कोकरे लगेच विकली, त्यावर शेजारी हसले. पुढे सगळ्यांनी एकदमच हाडकुळी जनावरे बाजारात आणली तेव्हा त्यांना कोणी विचारले नाही.

तृणपाल: ठीक आहे, पाच वर्षांचा आग्रह सोडतो, म्हणजे येथील विद्वानांना झोप लागेल. फुटव्यापासून बी गळेपर्यंत कुरणाचा एक भाग तरी बंद ठेवणार का?

माळकरी: ठेवतो, पण दर वर्षी वेगळा. तोच भाग बंद ठेवला तर उरलेल्यात बी कधीच धरणार नाही.