स्क्रेपरमधून सालपटं न येता भुसाच येतोय

कोथरूडकर_सुतार: सागवानी टेबलाच्या फळीत रेषा उलटसुलट आहेत, रंध्याने तुकडे उचकटतात. म्हणून ०.८ मिमीचा कार्ड स्क्रेपर (लाकूड खरवडायची पातळ पोलादी पट्टी) घेतला. कानशीने कड सरळ केली, स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने बर (कडेवरचा बारीक आकड्यासारखा काठ, तोच लाकूड कापतो) वळवला. चार-पाच हात नीट चालतो, मग नुसता भुसा. काय राहतंय?

जुनी_कानस: दगड राहतोय. कानशीच्या ओरखड्यांवर वळवलेला बर तुटक येतो आणि लगेच झडतो.

स्क्रेपर व्हाइसमध्ये धरून बारीक कानस कडेच्या लांबीने ओढा. बाजूला काटकोनी ठोकळा टेकवा, कड ९० अंशात यायलाच हवी. मग ठोकळ्याच्याच आधाराने १००० ग्रिटच्या दगडावर कड घासा, तिरकी फिरवत, नाहीतर दगडाला खाच पडेल. त्यानंतर दोन्ही चपट्या बाजू कडेलगत घासा. हे बहुतेक जण सोडून देतात, पण कोपरा दोन्हीकडून गुळगुळीत असेल तरच बर सलग येतो. उजेडात कोपरा चमकला तर तो अजून गोल आहे.

आता तेलाचा थेंब. स्क्रेपर टेबलाच्या काठाशी आडवा ठेवून बर्निशर (बर काढायचा कठीण, गुळगुळीत दांडा) जवळजवळ सपाट धरून ५-६ वेळा ओढा. मग स्क्रेपर उभा पकडून बर्निशर ५ अंश कलवा आणि २-३ वेळा ओढा. बर नखाला जेमतेम अडकला की थांबा. जोर लावून १५ अंशांवर नेलात तर बर पार दुमडतो आणि स्क्रेपर फार झुकवल्याशिवाय लाकूड धरत नाही.

भोसरी_मशीनशॉप: स्क्रूड्रायव्हर आधी बाजूला ठेवा. दांडा स्क्रेपरपेक्षा कठीण हवा. कडेवर ओढून पाहा, दांड्यावरच चर पडला तर तो मऊ आहे. ड्रिलच्या शँकवरही (चकमध्ये धरायचा गुळगुळीत भाग) भरवसा नको, पुष्कळदा ती मऊच ठेवलेली असते. तुटलेलं सॉलिड कार्बाइड एंडमिल (मिलिंग मशीनचं अतिकठीण कटर) मिळालं तर त्याची ग्राइंड केलेली गुळगुळीत शँक उत्तम. तुटकी बाजू लाकडी मुठीत पक्की बसवा, तिने हात कापतो.

कोथरूडकर_सुतार: बर गेला की दर वेळी कानशीपासून सुरुवात करायची का?

जुनी_कानस: नाही. स्क्रेपर आडवा ठेवून बर्निशरने बर पुन्हा सपाट उचला आणि परत वळवा. असं तीन-चारदा जमतं. मग दगड, आणि कड गोल झाली तरच कानस. सागवानात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाणारच. दोन्ही लांब कडांच्या दोन्ही बाजूंना बर काढून ठेवा, म्हणजे चार धारा हाताशी राहतात.

भोसरी_मशीनशॉप: स्क्रेपर तापून अंगठे भाजायला लागले तर त्याच्या पाठीमागे फ्रिजचा लवचीक चुंबक चिकटवा. आणि चारही टोकं कानशीने किंचित गोल करा, नाहीतर फळीवर रेघा उठतील.