मदत हवी आहे : विठ्ठलावर भार टाकायचा म्हणजे नक्की काय करायचं?

नमस्कार मंडळी. आमच्या घरी माळकरी परंपरा आहे. माझ्या गळ्यात माळ नाही, पण संध्याकाळी हरिपाठ चुकत नाही. गेल्या दिवाळीनंतर नवऱ्याचं दुकान बंद पडलं, त्यातच सासूबाईंना अर्धांगवायू झाला. दिवस कामात जातो. पहाटे तीनला मात्र जाग येते आणि छातीत धडधड सुरू होते. हप्ता, औषधं, मुलीची फी, सगळं एकदम आठवतं. नाम घ्यायला लागते, पण दहाव्या मण्यापर्यंत मन पुन्हा हिशेबात.

‘देवावर सोडून दे’ असं सगळे सांगतात. (सांगणाऱ्यांचे हप्ते थकलेले नसतात, ते वेगळं.) पण सोडायचं कसं, हे कोणी सांगत नाही.

१६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा गेला, दुकानाचं दिवाळं निघालं. त्यानंतर ते भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात बसू लागले. मला डोंगर कुठला, आमचं घर दोन खोल्यांचं! आणि त्यांनाही शांती लगेच मिळाली नसणार, असं मला आपलं वाटतं.

तुमच्यापैकी कोणी अशा दिवसांतून गेलं आहे का? पहाटेच्या त्या तासाला तुम्ही काय करायचात? मोठ्याने नाम, लेखी जप की नुसतं बसून राहणं? देवावर रागही येतो, तो त्यालाच बोलून दाखवला तर चालतं का? डॉक्टरांकडे जाणार आहेच, तो सल्ला नको. अनुभव सांगा.