बाको: दिवसाची फेरी की मुक्काम?

नमस्कार मंडळी,
डिसेंबरच्या सुट्टीत सिंगापूरहून कुचिंगला (मलेशियातल्या सारावाक राज्याची राजधानी) जायचं आहे. मुलांना लांब नाकाची माकडं बघायची आहेत. तिथलं बाको राष्ट्रीय उद्यान सकाळी जाऊन दुपारी परत, असं जमेल का?
– प्राजक्ता

प्राजक्ता,
जमेल, पण माकडं दिसणं मग नशिबावर. ती सकाळी लवकर आणि चारनंतर तेलुक आसामच्या खारफुटीत पाला खायला उतरतात, म्हणजे पार्कच्या मुख्यालयाशेजारीच. दिवसाच्या पाहुण्यांची परतीची होडी नेमकी त्याआधी सुटते. एक रात्र तरी राहा. खोल्या मोजक्या आहेत, आधी बुक करा.

डोळ्यांआधी कान लावा. वाऱ्याचा मागमूस नसताना एकच झाड सळसळलं आणि नाकातून घोगरा हुंकार आला की तिथेच थांबायचं. नराचं पोट नगाऱ्यासारखं असतं, कारण आत पाला आंबत असतो. त्या पोटाला पिकलं गोड फळ सोसत नाही, झटकन आंबून वायू धरतो. केळं दाखवून बोलवायला जाऊ नका. केळ्यावर टपलेली ती लांब शेपटीची मकाक माकडं वेगळी, प्लास्टिकची पिशवी दिसली की हातातून ओढतात. डबा बॅगेत, बॅगेची चेन बंद.
– सुहास

सुहासकाकांचं सगळं खरं, पण महिना चुकतोय. डिसेंबरात ईशान्य मान्सून असतो. तिकडे त्याला लांडास म्हणतात. समुद्र खवळला की होड्या बंद. बरं, कुचिंगजवळच्या सेमेंगोह वन्यजीव केंद्रात ओरांगउटान बघू म्हणाल, तर त्या दिवसांत रानात फळं असतात, ते खाऊ घालण्याच्या वेळेला फिरकतीलच असं नाही. जूनची सुट्टी घ्या.

तारीख ठरवताना भरती-ओहोटी बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी इतकी आत जाते की होडी धक्क्याला लागत नाही, गुडघाभर पाण्यातून चालावं लागतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी सगळ्यात कमी असते तेव्हा, तेवढा त्रास नाही. सँडल पट्ट्याच्या हव्यात, चपला चिखलात राहतात. पोहणं मात्र नाही, मगरी आहेत.

पासपोर्ट हाताशी ठेवा; सारावाकचं इमिग्रेशन वेगळं आहे, क्वालालंपूरहून आलात तरी तपासतात.

आणि एसीच्या खोलीतून दुर्बीण थेट बाहेर काढलीत तर काचा धुक्याने भरतात, पुसून उपयोग नाही. रात्री झिपच्या पिशवीत बंद करून ठेवा, सकाळी पिशवीसकट अर्धा तास व्हरांड्यात. मग उघडा.
– अनघा