मदत हवी आहे: घाट उतरताना धावायचं कसं?
नमस्कार मंडळी. सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी चालू आहे. कोचनी बाजूने व्हिडिओ काढून दाखवला: पाऊल शरीराच्या फार पुढे पडतं, गुडघा जवळजवळ ताठ. "टाच आधी टेकते की नाही ते सोड, पावलं छोटी कर," म्हणाले. मिनिटाला १६० पावलं पडतात, ती आधी १६८ वर न्यायची. (१८० चा आकडा सगळेच ऐकवतात, पण तो धावण्याचे अमेरिकी प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी १९८४ च्या ऑलिम्पिकमधल्या धावपटूंची पावलं मोजली त्यातून आलेला. आपण हौशी लोकांनी तो कशाला मनावर घ्यायचा?)

सपाटीवर मोबाइलच्या मेट्रोनोमवर (ठरावीक तालात टिकटिक करणारं ॲप) जमतंय, चढालाही ठीक. पण यवतेश्वरचा घाट उतरताना आपोआप मागे रेलून ब्रेक मारत धावतो आणि दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, जिना उतरवत नाही. कोच सांगतात, घोट्यातून किंचित पुढे झुक, कंबरेतून नको. कळतं सगळं, पण तोंडावर आपटायची भीती वाटते हो!

उतारावर हे कुणी कसं अंगवळणी पाडलं? मेट्रोनोम तिथेही लावता का? शिवाय हल्ली पोटऱ्या जास्त दुखतात. सवय होईपर्यंत चालायचंच, की अंतर कमी करू? कोच सध्या बाहेरगावी आहेत, म्हणून इथे विचारतोय.