मदत हवी आहे: जर्मनीत नोकरी जातेय, बेकारीचे पैसे घेतले तर पीआर (कायम राहण्याचा परवाना) अडकतो का?

नीलकांती
कृपया लवकर उत्तर द्या, सोमवारपर्यंत ठरवायचं आहे. आम्ही श्टुटगार्टजवळ राहतो. नवऱ्याची नोकरी जातेय. इथे बेकारीचे पैसे मिळतात म्हणे, पण त्याच्या टीममधला एक जण सांगतो की ते घेतले की पीआर विसरा, फाइलीवर कायमचा शिक्का बसतो. सासरे तर म्हणतात परमुलखात सरकारपुढे हात पसरायचा नाही, त्यापेक्षा आहे त्या पैशात भागवा. घ्यावेत की नाही, एवढंच सांगा. गुगल करून झालंय, लिंका नकोत.

राईनकाठी
व्हिसा कुठला? कधीपासून? त्याने राजीनामा दिलाय की कंपनीने काढलंय? मूल आहे का? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

चिंतामणी७१
ताई, राग मानू नका, पण परत या. चाकणला ऑटोमोबाइलमध्ये अनुभवी माणसं हवीच असतात. माझा भाचा परत आला, आज मजेत आहे. तिकडचे लोक बेकार परदेशी माणसाकडे कसे बघतात ते मी पाहिलंय.

बटाटेवडा
काका, त्यांनी परत येऊ का असं विचारलेलंच नाही.

नीलकांती
ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांचा नोकरीचा व्हिसा), अर्थातच. येत्या जानेवारीत दोन वर्षं होतील. मुलगी किटाला (पाळणाघर-बालवाडीला) जाते. काढलंच आहे हो, राजीनामा कोण देईल? एचआरने मेलवर पीडीएफ पाठवलाय, सही करून सोमवारी द्या म्हणाले. तीन पगार जास्तीचे देणार आहेत.

राईनकाठी
थांबा! सही करायची नाही. तो पीडीएफ म्हणजे नोटीस नव्हे, तो आउफहेबुंग्सफरट्राग असणार, म्हणजे 'दोघांच्या संमतीने करार संपवतोय' असा कागद. त्यावर ठोस कारणाशिवाय सही केली की बेकारीचे पैसे देणारी सरकारी रोजगार एजन्सी म्हणते नोकरी तुम्हीच सोडलीत, आणि साधारण १२ आठवडे एक पैसा देत नाही. पैसे मिळण्याची एकूण मुदतही कापतात ती वेगळीच. इथे नोकरीवरून काढायचं तर कागदावर, शाईच्या सहीने कळवावं लागतं. मेलने आलेल्या नोटिशीला कायद्यात किंमत नाही. सोमवारची तारीख एचआरची आहे, कायद्याची नाही.

आणि कागदी नोटीस खरंच आली, तर कोर्टात जायला ती हातात पडल्यापासून फक्त ३ आठवडे असतात. आजच नोकरीच्या कायद्याचा वकील गाठा. रेख्ट्सशुट्झ विमा, म्हणजे वकील-कोर्टाच्या खर्चाचा विमा, आहे का?

खडूस_काका
वकिलाची फी कोण देणार? माझ्या ओळखीत एकाने सरळ सही केली, पैसे घेतले, दुसऱ्या महिन्यात नवीन नोकरी. उगाच भांडत बसून काय मिळतं? कंपनीशी गोड राहावं, शिफारसपत्र चांगलं मिळतं.

राईनकाठी
दुसरी नोकरी हातात असेल तर हरकत नाही. यांच्या हातात आहे का? अहो, सध्या श्टुटगार्टच्या आसपास गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्यांकडे भरती कुठे चाललीये ते दाखवा.

चिंतामणी७१
मूळ मुद्दा राहिलाच. दुसऱ्या देशात जायचं आणि त्यांच्या करातून पगार खायचा, हे मला तरी पटत नाही. म्हणून तर तिथले लोक चिडतात.

अनुजा_वि
काका, पगाराची स्लिप बघा. त्यात 'एव्ही' (बेकारी विमा) अशी ओळ असते. दर महिन्याला १.३ टक्के त्याच्या पगारातून कापतात, तेवढेच कंपनी भरते. हा विमा आहे. गाडीचा अपघात झाल्यावर विम्याचे पैसे मागितले तर त्याला भीक म्हणाल का?

नीलकांती, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: पीआर बघताना अडचण होते ती गरजूंना करातून मिळणाऱ्या सरकारी मदतीची. हप्ते भरून मिळणारे बेकारीचे पैसे आणि मुलीचं किंडरगेल्ड (मुलांसाठीचा भत्ता) त्यात धरत नाहीत. शिक्का वगैरे काही बसत नाही. गेल्या ३० महिन्यांत १२ महिने हप्ते भरलेले हवेत, ते तुमचे आहेतच. मूल असल्यामुळे आधीच्या निव्वळ पगाराच्या साधारण ६७ टक्के मिळतात, नाहीतर ६०. २० महिने भरले असतील तर १० महिने.

राईनकाठी
१० महिने ऐकायला छान आहेत, पण ब्लू कार्डवर नवीन नोकरी शोधायला तितका वेळ मिळेलच असं नाही. साधारण तीन महिने धरून चाला. नोकरी संपली की दोन आठवड्यांच्या आत आउसलेंडरबेहोर्डला (परदेशी लोकांच्या व्हिसाच्या ऑफिसला) कळवावं लागतं. एजन्सीकडे 'नोकरी शोधतोय' ही नोंद मात्र कळल्यापासून तीन दिवसांत, नाहीतर एक आठवड्याचे पैसे जातात. बरेच लोक इथेच गचके खातात.

जर्मन किती झालंय त्याचं?

नीलकांती
बी-१ झालंय गेल्या वर्षी. पण त्याचा इथे काय संबंध? मी पैशांचं विचारतेय.

अनुजा_वि
अहो संबंध आहेच! बी-१ असेल तर ब्लू कार्डवाल्याला २१ महिन्यांत पीआरचा अर्ज करता येतो. ए-१ (अगदी सुरुवातीची पातळी) असेल तर २७. जानेवारीत दोन वर्षं म्हणजे तुमचे २१ झाले असतील किंवा होत आले असतील. पीआर हातात आला तर नोकरी गेली म्हणून व्हिसा जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

खडूस_काका
आता अर्ज करून उपयोग नाही. कंपनीचं ताजं पत्र मागतात, करार चालू आहे आणि नोटीस दिलेली नाही असं. देईल का एचआर?

अनुजा_वि
आज तरी नोटीस दिलेलीच नाही, मग का देणार नाही? लपवाछपवी करा असं मी म्हणत नाही, पुढे नोटीस आली तर व्हिसाच्या ऑफिसला कळवायचंच. पण सही न करण्याचं हे आणखी एक कारण. वकिलाला हेही विचारा.

बटाटेवडा
जरा वेगळं: मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, माहीत होतं का कुणाला? तिथे चांगला वडापाव मिळतो का?

अनुजा_वि
मिळतो, आमच्या घरी. पाव मात्र टर्किश बेकरीचा.

चिंतामणी७१
माझं मत बदललेलं नाही, पण १.३ टक्क्यांचं माहीत नव्हतं. जावयाला विचारतो त्याचे किती कापतात.

नीलकांती
वकिलाची सोमवारी सकाळची अपॉइंटमेंट मिळाली. रेख्ट्सशुट्झ होता, पण त्यात नोकरीचा भाग घेतलाय का ते पॉलिसीत शोधतोय. एचआरला "विचार करायला वेळ हवा" एवढाच मेल टाकला. पत्र वकिलाला विचारून मागू. सासऱ्यांना कोण सांगणार ते आता बघू.

मेघदूत_८८
माझाही असाच प्रश्न आहे, पण कॅनडाचा. तिकडे ईआय (तिथले बेकारीचे पैसे) घेतलं तर...

राईनकाठी
नवीन धागा काढा हो. आणि व्हिसा कुठला ते पहिल्या ओळीत लिहा.